सुप्याच्या परिसरातून हिंदू धर्माची ओळख

‘हिंदू धर्माची स्थापना कोणी केली?’ हा प्रश्न आपल्या घरांतील मुले हमखास विचारतात. ख्रिस्ती धर्माचा आरंभ प्रभू येशूपासून आणि बौद्ध धम्माचा गौतम बुद्धांपासून झाला, तेव्हा शेजाऱ्यांच्या धर्मालाही कोणी संस्थापक असलाच पाहिजे, असे त्यांना वाटते. उत्तर मात्र असे की, हिंदू धर्माला एक संस्थापक नाही, एक धर्मग्रंथ नाही आणि सर्वांवर बंधनकारक असे विश्वासांगीकारसूत्रही नाही. इ. स. ३२५ साली नायसिया येथे भरलेल्या धर्मसभेने विश्वासाचे सूत्र ठरवून दिले. तशी सभा या धर्माच्या इतिहासात कधी भरली नाही. मुळात ‘हिंदू’ हा शब्दही धर्मवाचक नव्हता. ‘सिंधू’ नदीच्या नावाचा इराणी उच्चार ‘हिंदू’ असा झाला आणि नदीपलीकडच्या प्रदेशाला व तेथील लोकांना ते नाव पडले.

मग हा धर्म घडला कसा? तो थरावर थर चढत घडला. पुणे-नगर रस्त्यावरील पारनेर तालुक्यातल्या सुप्यापासून आपण निघालो, तर यांतील बरेच थर आपल्याच परिसरात पाहता येतात.

याच रस्त्याने पुण्याकडे जाताना शिरूर लागते. त्या तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या त्या वस्तीत एका घराच्या जमिनीखाली मातीची पेटी सापडली. तिच्यात मस्तक नसलेली स्त्रीमूर्ती होती आणि सोबत मातीचा बैल होता. ही बहुधा सुफलतेची देवता असावी. तिला आजच्या अर्थाने हिंदू म्हणता येणार नाही. परंतु मातृदेवतेची उपासना या मातीत किती जुनी आहे, हे त्यावरून कळते.

दुसरा थर वेदांचा. ऋग्वेदाची सूक्ते इ. स. पूर्व १५०० ते १००० या काळात वायव्य भारतात रचली गेली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या धर्मात मूर्ती वा मंदिरे नव्हती; अग्नीत आहुती देऊन इंद्र, वरुण आदी देवांना आवाहन केले जाई. पुढे उपनिषदांतील ऋषी यज्ञाच्या पलीकडे वळले. विश्वाच्या मुळाशी असलेले ब्रह्म आणि माणसातील आत्मा यांचा संबंध काय, हा त्यांचा प्रश्न होता. दोन्ही एकच, असे शंकराचार्यांचे अद्वैत सांगते. दोन्ही भिन्न, असे मध्वाचार्यांचे द्वैत सांगते. दोघेही हिंदूच! कर्म, पुनर्जन्म आणि त्या फेऱ्यातून सुटका म्हणजे मोक्ष, या कल्पना मात्र बहुतेक संप्रदायांना समान आहेत.

सुप्याहून पारनेरमार्गे पुढे गेल्यास टाकळी ढोकेश्वर येथे डोंगरात कोरलेले शिवमंदिर लागते. ते सुमारे सहाव्या शतकातील आहे. गाभाऱ्यात शिवलिंग आणि भिंतीवर सप्तमातृका आहेत. यज्ञाऐवजी आता मूर्तीची पूजा प्रमुख झाली होती. याच तालुक्यात पिंपळगाव रोठा येथे कोरठण खंडोबाचे देवस्थान आहे. धनगर-शेतकऱ्यांचा हा लोकदेव पुढे शिवाचा अवतार मानला गेला. लोकदेवतेला नाकारण्याऐवजी तिला थोर देवतेशी जोडून घ्यायचे, ही या धर्माची नेहमीची रीत.

आपल्या जिल्ह्यातील नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरांनी भगवद्गीतेवर मराठी टीका केली. संस्कृतात कोंडलेले ज्ञान त्यामुळे सामान्यांच्या भाषेत आले. ज्ञान, कर्म आणि भक्ती या तीन मार्गांपैकी भक्तीचा मार्ग स्त्रीशूद्रांनाही मोकळा झाला. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनीही हाच ओवीछंद स्वीकारला.

परंतु एक गोष्ट झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. जन्मावरून माणसाची पायरी ठरविणारी जातिव्यवस्था या धर्माच्या व्यवहारात खोल रुजली. आपल्या जिल्ह्यातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज गावकुसाबाहेर राहत आणि देवळाचे दार त्यांना बंद असे. चौदाव्या शतकातील संत चोखोबांनी हेच दुःख अभंगांतून मांडले. साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले आणि ते खुले झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मात्र १९५६ साली हा धर्म सोडून बौद्ध धम्म स्वीकारला. अन्याय, त्याविरुद्ध आतूनच उठलेला आवाज आणि त्या आवाजाची अपुरी पडलेली ताकद, हे तिन्ही या इतिहासाचे भाग आहेत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजीच्या घोषणापत्रात हिंदू धर्माचा नावाने उल्लेख केला आणि इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा आदर करण्यास सांगितले. आदर करायचा तर आधी ओळख हवी. शेजारच्या घरी खंडोबाची तळी भरली जाते किंवा वारीची तयारी चालते, तेव्हा त्यामागे काय आहे, हे आपल्या मुलांना सांगता यावे. आणि आपल्या पणजोबांना देवळाबाहेर का उभे राहावे लागले, हेही त्यांना मनात कडवटपणा न ठेवता सांगता यावे.