गॉगलची काडी आणि डायमेकरचा हात

आजचा भाग गॉगलवर. पण पिंपरी कॅम्पात हातगाडीवर मिळतो त्या गॉगलवर नाही (मी स्वतः तोच वापरतो, त्यामुळे कुणी मनाला लावून घेऊ नका). ज्याच्यासाठी जगभरातले संग्राहक रात्र रात्र ऑनलाइन लिलाव बघत बसतात, त्या धातूच्या फ्रेमच्या गॉगलवर.

एका शिक्क्यापासून सुरुवात करू. १९४०-५० च्या दशकातल्या अमेरिकन फ्रेमवर, डोळ्याला भिंग लावल्याशिवाय वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं : ‘१/१० १२ के जीएफ’. जीएफ म्हणजे ‘गोल्ड फिल्ड’. हे प्लेटिंग नव्हे. प्लेटिंगमध्ये विजेच्या साहाय्याने सोन्याचा थर चढवतात, तो साधारण मायक्रॉनमध्ये मोजायचा. गोल्ड फिल्डमध्ये हलक्या धातूच्या गाभ्यावर सोन्याचा पत्रा उष्णता आणि दाब देऊन चिकटवतात आणि मग त्या जोडीची तार ओढतात. तार कितीही बारीक झाली तरी वर सोनं, आत दुसरा धातू. शिक्क्याचा हिशोब सोपा आहे : एकूण वजनाचा दहावा भाग १२ कॅरेटचं सोनं, आणि १२ कॅरेट म्हणजे निम्मं सोनं. म्हणजे २० ग्रॅम धातूत शुद्ध सोनं फक्त १ ग्रॅम.

एक ग्रॅम! त्यासाठी कुणी एवढा जीव टाकत नाही. मग किंमत कशाची?

आमच्या काळेवाडीत, पवनेच्या अलीकडे, एक काका राहतात. उभा जन्म टूलरूममध्ये गेला, डाय पॉलिश करण्यात. त्यांच्या हातात मी एक जुनी फ्रेम दिली. त्यांनी सोन्याकडे बघितलंच नाही. काचेभोवतीच्या तारेवर नख फिरवलं, बिजागरी दोनदा उघडली-मिटली आणि म्हणाले, “डाय चांगली होती रे.” हा सगळा भाग त्या एका वाक्यावर आहे असं समजा.

फ्रेम बनते कशी ते बघू. काचेभोवतीची जी तार असते तिला आतून खोबण असते. खोबणीची ही तार गुंडाळून कड्याचा आकार द्यायचा आणि टोकं एका छोट्या ठोकळ्यात स्क्रूने आवळायची. जुन्या गॉगलची काच खरोखरची काच होती, प्लास्टिक नव्हे. ती दबत नाही. कडं किंचित लहान झालं तर काचेच्या कडेचा टवका उडतो, किंचित मोठं झालं तर काच खुळखुळते. त्यात डावं आणि उजवं कडं तंतोतंत एकमेकांची आरशातली प्रतिमा हवं. मग मधला पूल, वरची आडवी पट्टी, नाकाच्या पॅडचे दोन बारीक हात आणि बिजागऱ्या. हे सगळं जोडायचं डाख देऊन. हो, सोनाराचाच शब्द.

आणि इथेच खरी परीक्षा असते. तार ओढून ओढून तिला जो स्प्रिंगसारखा ताण आलेला असतो, तो आच लागली की जातो. डाख देताना ज्योत जरा जास्त वेळ राहिली की सांध्याशेजारचा धातू मऊ पडतो. ही चूक दुकानात दिसत नाही. सहा महिन्यांनी गॉगल नाकावरून घसरायला लागतो तेव्हा दिसते. चांगल्या फ्रेममध्ये आच फक्त सांध्यापुरती असते.

बिजागरीचं महत्त्व पटत नसेल तर रजनीकांत आठवा. शिवाजीराव गायकवाड, बंगळुरूच्या मराठी घरातला मुलगा. मूळ गाव आपल्या पुरंदर तालुक्यातलं मावडी कडेपठार सांगितलं जातं. तो गॉगल हवेत गरकन फिरवून डोळ्यांवर चढवतो. ती कमाल रजनीची, मान्य. पण काडी ढिली असती तर?

आता थोडा इतिहास. २७ फेब्रुवारी १९२० रोजी अमेरिकन वैमानिक रुडॉल्फ श्रोडर उंचीचा विक्रम करायला ओहायोच्या आकाशात दहा किलोमीटरच्या आसपास वर गेला. संरक्षक चष्म्यावर धुकं धरलं म्हणून त्याने तो वर सरकवला, आणि त्या थंडीत डोळ्यांतलं पाणी गोठलं. जवळजवळ आंधळ्या अवस्थेत त्याने विमान उतरवलं. वैमानिकाचे डोळे हा लष्करापुढचा गंभीर प्रश्न होता. १९३७ मध्ये बॉश अँड लोम्ब या काचा बनवणाऱ्या कंपनीने ‘रे-बॅन’ नावाने हिरव्या काचेचा, धातूच्या फ्रेमचा गॉगल बाजारात आणला. थेंबाचा तो आकार नुसत्या देखणेपणासाठी नाही. वैमानिक सारखा खाली, काट्यांच्या तबकड्यांकडे बघतो, तेव्हाही डोळा झाकलेला राहावा म्हणून काच खाली उतरती केली.

दुसऱ्या महायुद्धात हाच आकार सरकारी प्रमाण झाला, पण लष्कराचा गॉगल सोन्याचा नव्हता. साधी निकेलची मिश्रधातू. त्या जातीतली एक आपल्या ओळखीची आहे, जर्मन सिल्व्हर : तांबं, निकेल, जस्त. चांदी शून्य. ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपिन्सच्या लेयटे बेटावर गुडघाभर पाण्यातून चालत येणारा जनरल मॅकआर्थर, डोळ्यांवर काळा गॉगल, हा फोटो जगभर गेला आणि सैनिकाचं साधन स्टाइल झालं. १९८६ च्या ‘टॉप गन’ने त्यावर कळस चढवला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, ‘दबंग’पर्यंत.

संग्राहक दोन जातीचे असतात, हे इथेच सांगून टाकतो. एक जात ‘कुणी घातलं’ यासाठी पैसे देते. ऑगस्ट २०२० मध्ये इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ गांधीजींचा गोल, सोन्याचा मुलामा दिलेला चष्मा लिलावात २ लाख ६० हजार पौंडांना गेला. अंदाज होता १० ते १५ हजारांचा. तो चष्मा एका लिफाफ्यात घालून लिलाववाल्यांच्या पत्रपेटीत टाकलेला होता! आपल्या सेवाग्राम आश्रमातून गांधीजींचा चष्मा चोरीला गेल्याची बातमी २०११ मध्ये आली होती, ती काहींना आठवत असेल. या किमतीचा कारागिरीशी संबंध नाही. दुसरी जात ‘कुणी बनवलं’ यासाठी पैसे देते. मला ही जात जास्त आवडते, कारण तिला कुठल्यातरी गावातल्या अनामिक हाताची किंमत कळते.

तर ते हात कुठले? तीन गावं सांगतो.

पहिलं सबाए, जपानच्या फुकुई प्रांतात. हिवाळ्यात बर्फ, शेती बंद, घरात पैसा नाही. १९०५ मध्ये मासुनागा गोझाएमोन नावाच्या माणसाने ओसाकाहून कारागीर आणून शेतकऱ्यांच्या पोरांना चष्म्याच्या फ्रेम बनवायला शिकवलं. आज जपानमधल्या बहुतेक सगळ्या फ्रेम याच भागात बनतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या लोकांनी टायटॅनियम हाताळलं. टायटॅनियम हलका, गंजत नाही, पण हट्टी : उघड्या हवेत तापवला की ऑक्सिजन ओढून ठिसूळ होतो. त्यामुळे सांधे आरगॉन वायूत किंवा निर्वात भट्टीत करावे लागतात. पुढे स्वस्त चिनी माल आला आणि सबाएला जबर फटका बसला. तेव्हा प्रांताने स्वतःचाच ब्रँड काढला, नाव ‘२९१’. जपानीत हे आकडे ‘फु-कु-इ’ असे वाचता येतात.

दुसरं गाव अमेरिकेतलं रँडॉल्फ. १९७३ मध्ये दोन पोलिश स्थलांतरितांनी तिथे वर्कशॉप टाकलं. सुरुवातीला ते चष्म्यांच्या कारखान्यांना यंत्रं आणि टूल्स बनवून देत. मग म्हणाले, टूल आपलं, तर फ्रेम दुसऱ्याची का? आज त्यांचे गॉगल अमेरिकन लष्कर घेतं आणि संग्राहकही. काड्या सरळ, म्हणजे हेल्मेट न काढता आत सरकतात.

तिसरं गाव इटलीतलं अगोर्दो, आणि ही गोष्ट मला सगळ्यात जवळची. लिओनार्दो देल वेक्किओ. बाप जन्माआधीच गेलेला, आईने सात वर्षांच्या पोराला मिलानच्या अनाथाश्रमात ठेवलं. चौदाव्या वर्षी टूल-डायच्या कारखान्यात उमेदवारी. १९६१ मध्ये डोंगरातल्या अगोर्दोला आला, कारण तिथे कारखान्यांना जमीन मिळत होती. काम काय? दुसऱ्यांच्या चष्म्यांचे सुटे भाग. जॉबवर्क! १९६७ मध्ये स्वतःच्या नावाने, लक्सॉटिका नावाने, पूर्ण फ्रेम विकायला लागला. १९७१ मध्ये जॉबवर्क बंद केलं. आणि १९९९ मध्ये याच माणसाने ६४ कोटी डॉलरला रे-बॅन विकत घेतलं. त्यामुळे आज संग्राहक ‘बी अँड एल’चा अमेरिकन शिक्का शोधतात, कारण तो पुन्हा उमटणार नाही.

आता आपल्याकडे या. १९६६ मध्ये टेल्कोचं काम इथे सुरू झालं तेव्हा सुमंत मूळगावकरांनी आधी ट्रक नाही, तर मशीन टूल्स, डाय आणि त्या बनवणारी माणसं घडवायला घेतली. पुण्याचा पहिला ट्रक १९७७ चा. (सुमो गाडीचं नाव त्यांच्याच नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून.) त्या टूलरूमच्या वळणाची माणसं पुढे बाहेर पडली, भोसरी-चिंचवडच्या शेडमध्ये पसरली. आमचे काका त्याच पिढीतले. खोबणीची तार, दोन बाजूंचा आरसा, आच फक्त सांध्यापुरती, यातलं या पट्ट्यात काय जमत नाही? माझ्या मते सगळं जमतं.

अडतं ड्रॉइंगपाशी. इथे ड्रॉइंग गिऱ्हाइकाकडून येतं आणि खाली त्याच्याच मालकीचा शिक्का असतो. डाय आपल्या कपाटात, पण तीही त्याची. काकांना विचारलं, “तुम्ही कधी स्वतःचं काही बनवलंत?” ते म्हणाले, “पोरीच्या लग्नात करंडा. बाकी सगळं पार्टीचं.” लक्सॉटिकाला पार्टीचं काम सोडायला दहा वर्षं लागली, आणि गाव छोटं होतं. आपल्याकडे हप्ते, भाडं, ओव्हरटाइम. दहा वर्षं थांबायचं कुणी?

बरं, जाता जाता कामाचं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात आणि धातूची फ्रेम दिसली, तर आधी शिक्का शोधू नका, शिक्के खोटे मारतात. फ्रेम उलटी करून काचा खाली टेकवा : दोन्ही बाजू सारख्या बसतात का? सांध्याजवळ डाखाचा गोळा दिसतो का? काडी अर्ध्यावर सोडली की तिथेच थांबते का? मग शिक्का. फोटो काढून मला पाठवा, मी काकांना दाखवतो.