भायखळ्याच्या तुरुंगांतील संमति

इ. स. १८९७ च्या जानेवारीअखेर भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. शहरांत तो आधींच धुमाकूळ घालीत होता. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांतील रोग्यांवरून डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं तो ओळखला, आणि पुढें ज्यांना शक्य होतें तीं माणसें मुंबई सोडून गांवाकडे निघालीं. तुरुंगांतल्यांना ती वाट नव्हती.

त्या सुमारास ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका खोलींत वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ प्लेगवर लस तयार करीत होते. ओडेसा येथें जन्मलेले व पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत काम केलेले हे गृहस्थ १८९३ पासून कॉलऱ्याच्या लशीनिमित्त हिंदुस्थानांत वावरले होते. मांसरसावर तुपाचे थेंब सोडले म्हणजे त्यांच्याखालीं प्लेगचे जंतु झुंबरासारखे लोंबत वाढत. मग उष्णतेनें ते मारले कीं लस सिद्ध होई. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली, आणि तीहि पुढें इतरांना देत त्याच्या सुमारें तिप्पट. ताप आला, अंग दुखलें, पण जिवाला अपाय झाला नाहीं.

नंतर तुरुंगाची पाळी आली. तेथील ३०० हून अधिक कैद्यांपैकीं सुमारें १५० जण आपण होऊन पुढें आले. उरलेल्यांना लस टोंचली नाहीं. दोघांचें अन्न तेंच, कोंडवाडा तोच. तेव्हां तुलना सोपी झाली. टोंचण्याच्या वेळींच ज्यांना लागण झालेली होती ते सोडले, तर टोंचलेल्यांत रोग विरळा दिसला. न टोंचलेल्यांत तो अधिक, आणि मृत्युहि त्यांच्यांतच घडले.

‘आपण होऊन’ या शब्दांपाशीं मात्र थोडें थांबलें पाहिजे. निम्म्याहून थोडे अधिक कैदी मागें राहिले, त्या अर्थीं नकार देतां येत होता; ही गोष्ट हाफकिन यांच्या बाजूची आहे, आणि ती लहान नव्हे. परंतु ज्याच्या हातीं किल्ल्या त्याच्या देखत दिलेला होकार मोकळ्या माणसाच्या होकाराइतका निखळ कसा मानावा? शेजारच्या कोठडींत मरण उभें असतांना तर विचार करावयास उसंतहि नसते.

शास्त्राला निराळीच अडचण भासली. पुढें येणारे कैदी मुळांतच धट्टेकट्टे असतील, तर श्रेय लशीला कसें द्यावें? म्हणून १८९८ सालीं उमरखाडीच्या तुरुंगांत कैदी ओळीनें बसवून एकाआड एकाला लस टोंचण्यांत आली. तुलना निर्दोष झाली. पण लस कोणाला, हें आतां माणसाच्या इच्छेनें नव्हे तर रांगेंतील जागेनें ठरलें.

तुरुंगाबाहेर सरकारनें ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथरोगांचा कायदा केला. पुण्यांत रँडसाहेबांच्या हाताखालीं गोरे सोजीर घरांत शिरून झडत्या घेऊं लागले, लोक रोगी दडवूं लागले. २२ जूनच्या रात्रीं चाफेकरांच्या गोळ्या सुटल्या. उलट मुंबईंत आगाखान यांनीं चारचौघांसमक्ष लस टोंचून घेतली, आणि खोजा मंडळी मोठ्या संख्येनें त्यांच्या मागून गेली.

हा विश्वास किती नाजूक होता तें १९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मुलकोवाल गांवीं दिसलें. तेथें १०७ जणांना लस टोंचली. एकाच बाटलींतून टोंचलेले १९ जण धनुर्वातानें मेले. दोष हाफकिन यांच्या माथीं आला व त्यांना पदावरून दूर व्हावें लागलें. १९०७ सालीं ते निर्दोष ठरले. १९२५ सालीं परळच्या प्रयोगशाळेला त्यांचें नांव मिळालें.

संशोधनाच्या प्रयोगास माणसाची स्वेच्छेची संमति अत्यावश्यक होय, हें न्यूरेंबर्गच्या न्यायासनानें १९४७ सालीं प्रथम कलमांतच लिहून ठेविलें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेंत आपत्तिकाळांतील संशोधनास स्वतंत्र प्रकरण आहे. संकटांत सांपडलेला माणूस मदतीला व प्रयोगाला एकच समजूं शकतो, हें तिनें ध्यानांत घेतलें आहे. आणि प्रयोगाची आखणी व तिची नैतिक तपासणी संकट येण्यापूर्वींच करून ठेवावी, असेंहि तिचें सांगणें आहे. भायखळ्याच्या कैद्यांपुढें सुई आली ती हाफकिन यांनीं स्वतःस टोंचून घेतल्यावर अवघ्या तीन आठवड्यांनीं.