बिनदुधाच्या कड्याची कुळकथा

बेगलच्या पाककृतीवर हल्ली ‘व्हिगन’ असा शिक्का असतो. शिक्का नवा, माल जुना. मैदा, पाणी, मीठ, यीस्ट आणि जवाच्या माल्टचा जरासा गोडवा, एवढ्यावर पोलंडमधले ज्यू बेकर हे पावाचं कडं पिढ्यान् पिढ्या भाजत आले. त्यात दूध-लोणी नसायचं ते प्राण्यांच्या कणवेपोटी नव्हे, धर्माच्या नियमामुळे. ज्यू घरात मांस आणि दूध एका जेवणात येत नाही. दोन्हींची भांडीसुद्धा वेगळी. रोजचा पाव दोन्हीकडे चालायला हवा, तर त्याचं पीठ पाण्यातच मळायला हवं. पिठात दूध पडलं की तो पाव मांसाच्या ताटातून बाद.

आपल्याकडे नेमकं उलटं. जुन्या सोवळ्याच्या घरांत प्रवासाला निघणाऱ्याबरोबर दशम्या द्यायच्या त्या दुधात पीठ मळून, कारण पाण्यात मळलेली पोळी खरकटी, ती वाटेत चालायची नाही. एकाला दुधाने मोकळीक, दुसऱ्याला दुधानेच बंधन. विटाळाचे नियम कुठलेही असोत, राबायचं असतं ते परातीपुढे बसलेल्या बाईला.

बेगलचा पक्का कागदी पुरावा १६१० सालचा आहे. पोलंडमधल्या क्राकोवच्या ज्यू समाजाने त्या वर्षी यीडिश भाषेत काही नियम लिहून ठेवले, त्यात बाळाच्या जन्माच्या संदर्भात बेगल येतो. याच शहरात त्याचा एक थोरला भाऊबंद आहे, ओबवाझानेक. तोही कड्याच्या आकाराचा, तोही आधी उकळत्या पाण्यातून काढलेला. राणी याडविगाच्या दरबारी हिशोबात तो १३९४ सालीच सापडतो. तरीही लोकांना आवडते ती तिसरीच गोष्ट: १६८३ साली पोलंडचा राजा यान सोबिएस्की याने व्हिएन्नाचा तुर्की वेढा मोडला आणि एका कृतज्ञ बेकरने त्याच्या रिकिबीच्या आकाराचा पाव केला. तारखाच जुळत नाहीत, पण दंतकथेला तारखांशी काय देणंघेणं? संभाजी महाराजांवरून सांबार हे नाव पडलं, ही गोष्टही आपण अशीच चवीने सांगतो.

मुद्द्याची गोष्ट आहे ती उकळण्याची. कच्चं कडं उकळत्या पाण्यात पडलं की वरच्या थरातला स्टार्च फुगून खळीसारखा चिकट होतो आणि कड्यावर सालपट धरतो. मग भट्टीत ते पावासारखं मोकाट फुगत नाही. आतला गर घट्ट, चिवट राहतो आणि बाहेर चकाकी येते. ही युक्ती एकट्या पोलंडची नाही. माळव्यातला बाफला आधी पाण्यात उकळून मग निखाऱ्यावर भाजतात, आणि होळकर-शिंद्यांच्या मागोमाग इंदूर-उज्जैनला गेलेल्या मराठी घरांना तो चांगला ओळखीचा आहे. खानदेशातली बट्टी आधी वाफवून मग तेलात तळायची. परभणीकडचा रोडगा मात्र पाण्याच्या वाटेला जात नाही. जाडसर दळलेल्या कणकेचा गोळा थेट गोवऱ्यांच्या आहारात. चंपाषष्ठीला खंडोबापुढे वांग्याच्या भरताबरोबर तो मानाने बसतो, आणि एकनाथांच्या भारुडातली सून भवानीला नवस बोलते तोही रोडग्याचाच.

तरी परभणीच्या चुलीला हे शास्त्र परकं नाही. ज्वारी जुनी झाली, पिठाला जिगट उरला नाही, की इथली बाई पिठात आधणाचं पाणी ओतते. भाकरी तुटत नाही, कारण गरम पाण्याने पिठातला स्टार्च चिकट होतो. बेगलच्या सालपटाचं गुपित तेच, फक्त ते पिठाच्या पोटातून बाहेर आणलेलं. निव्वळ ज्वारीचा बेगल मात्र होत नाही, मग ती परभणी मोती असो की परभणी शक्ती. कृषी विद्यापीठाने या वाणांना बरंच काही दिलं, पण ज्वारीला ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाचा चिवटपणा, देणं कुणाच्या हातात नाही.

बेगलचा सगळा जीव त्या ग्लुटेनात, आणि उन्हाळ्यात आपण करतो ते याच्या अगदी विरुद्ध. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून, पिळून, गाळून चीक खाली बसू द्यायचा. चीक म्हणजे स्टार्च. तो कुरडईला जातो आणि चिवटपणा चोथ्याबरोबर बाहेर. हाच चीक कोकणात बेने इस्रायली घरांत वेगळ्या वाटेने गेला. हे मराठी बोलणारे ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून त्यांचं नाव शनवार तेली. रोश हशानाला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, ते चिकाचा हलवा करतात, नारळाच्या दुधात. मांसाच्या रश्श्यातही नारळाचंच दूध. नियम पोलंडमधलाच, पण हाताशी मैदा-माल्टच्या जागी चीक आणि नारळ. त्यांच्या परंपरेत बेगल नव्हता; त्याच्यामागचा नियम पाळायला त्यांना त्याची गरजही पडली नाही.

बेगलला अंडं आणि मध चिकटले ते अटलांटिक ओलांडल्यावर. माँट्रियलचा बेगल मधाच्या पाण्यात उकळतो आणि पिठात अंडं असतं. तो व्हिगन माणसाला चालत नाही. न्यूयॉर्कने माल्ट सोडला नाही, पण दोन फाकांमध्ये क्रीम चीज थापलं. तिथे कडी वळणाऱ्या कामगारांची स्वतःची युनियन होती, लोकल ३३८, आणि तिच्यात शिरकाव मिळायचा तो बहुधा बापाच्या किंवा काकाच्या ओळखीने. डॅनियल थॉम्प्सनच्या कडी वळणाऱ्या यंत्राने हा मक्ता मोडला. लेंडर या बेकर कुटुंबाने १९६३ साली ते यंत्र भाड्याने घेतलं आणि गोठवलेला बेगल अमेरिकेच्या घराघरांत पोचवला. तो मऊ झाला, पावासारखा झाला. माझ्या मते, तिथेच त्याचं निम्मं वाण गेलं.

म्हणून घरी करायचा तर चिवट करावा. अर्धा किलो मैदा, पाऊण पेल्याच्या आसपास नव्हे तर मोजून पावणेतीनशे मिली पाणी, दोन लहान चमचे मीठ, दीड लहान चमचा कोरडं यीस्ट, चमचाभर गूळ. पीठ पुरीच्या कणकेइतकं घट्ट हवं आणि बारा-पंधरा मिनिटं मनगट दुखेपर्यंत मळायला हवं. आपला मैदा ग्लुटेनला जरा हलका, त्याची भरपाई हातानेच होते. आठ गोळे करून प्रत्येकाची जाड वळी वळायची, ती चार बोटांभोवती गुंडाळून टोकं तळव्याखाली घासून जोडायची. सांधा कच्चा राहिला तर आधणात सुटतोच.

रात्रभर थंडीत ठेवणं टाळू नये. मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशीच्या वर गेला की पीठ ताटातून उतू जातं, चव धरत नाही. तेव्हा फ्रिजच हवा. डिसेंबर-जानेवारीत, विद्यापीठाच्या नोंदीत पारा पाचाच्या खाली उतरतो त्या रात्री, झाकलेलं ताट माळवदावर ठेवलं तरी भागतं, मांजर नसेल तर.

सकाळी एक कडं गार पाण्यात टाकून पाहावं. तरंगलं की तयार. मोठ्या पातेल्यात आधण ठेवून त्यात दोन मोठे चमचे काकवी घालायची; माल्टची जागा ती उत्तम घेते, आणि उसाच्या पट्ट्यात ती मिळायला अवघड नाही. एका बाजूने पाऊण मिनिट, उलटून पाऊण मिनिट. झाऱ्याने काढलं की पृष्ठभाग सुरकुतलेला, बुळबुळीत दिसतो. तो तसाच दिसायला हवा. ओला असतानाच तिळात दाबायचा आणि २२० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये वीसेक मिनिटं. सुरकुत्या तिथे आपोआप ताणल्या जातात.

क्रीम चीजची उणीव भासत असेल तर काजू भिजवून वाटण्याचा खटाटोप लोक सांगतात. परभणीत त्याची गरज नाही. जवसाची चटणी करडईच्या कच्च्या तेलात कालवून कापलेल्या बाजूला लावावी, आणि बेगल कापायचा तो पूर्ण गार झाल्यावरच. गरम कापला तर आतला गर सुरीला चिकटतो.