डबल स्टँड: ताकदीची परीक्षा नावाची अफवा

आजच्या भागात रेस नाही, टॉप स्पीड नाही. आज बोलायचंय जुन्या मोटरसायकलच्या सगळ्यात दुर्लक्षित भागाबद्दल, म्हणजे डबल स्टँडबद्दल. काहीजण त्याला मेन स्टँड म्हणतात.

जुनी बुलेट असलेल्या घरांत एक अलिखित परीक्षा असते. "आधी डबल स्टँडवर लावून दाखव, मग चावी माग." मुलगी असेल तर बहुतेक वेळा परीक्षेचीही गरज नाही, उत्तर आधीच ठरलेलं. आणि साठी ओलांडलेला मालक एक दिवस पाठ धरून बसतो आणि घरचे म्हणतात, आता विका ती गाडी. हे सगळं एका समजुतीवर उभं आहे, की गाडी स्टँडवर *उचलून* ठेवायची असते. ही समजूत आली कुठून, ते बघायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

1900 ते 1910 च्या दरम्यानचं इंग्लंड. मोटरसायकल म्हणजे इंजिन बसवलेली जाडजूड सायकल. बऱ्याच गाड्यांना क्लच नाही, गिअर नाहीत, इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत सरळ एक पट्टा. इंजिन फिरलं की चाक फिरणारच. सकाळी थंड पडलेलं इंजिन मोकळं करायचं तर मागचं चाक हवेत हवं, म्हणजे बसून पेडल मारता येतील. हो, पेडल! 1907 साली आइल ऑफ मॅन बेटावर पहिली टीटी शर्यत झाली, तेव्हा पेडलवाल्या गाड्या पळाल्या होत्या. पुढच्या वर्षी त्यांना बंदी आली. तर चाक हवेत धरणारा स्टँड ही तेव्हा इंजिन चालू करण्यासाठीची सोय होती. पार्किंग नंतरचं.

दुसरं कारण पंक्चर. रस्त्यावर घोड्यांचे नाल आणि त्यांचे खिळे. चाक रस्त्याच्या कडेला, एकट्याने, अंधारात काढावं लागे.

हा पहिला स्टँड कसा होता ते तुम्ही पाहिलेलं आहे. दूधवाल्याची काळी सायकल आठवा. मागच्या चाकाच्या आसाला लटकलेला, इंग्रजी यू अक्षरासारखा दांडा, आणि कॅरियर धरून सायकल मागे ओढायची. हुबेहूब तोच. फक्त सायकलऐवजी खाली शंभर किलोंच्या आसपासचं लोखंड. इथे मात्र खरंच हाताने उचलावं लागायचं. माझ्या मते ताकदीची दंतकथा इथली आहे. स्टँड बदलला, कथा तशीच राहिली.

पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे क्लच, गिअरबॉक्स आणि किक रुळली. चाक हवेत धरून इंजिन चालू करायची गरज संपली, पंक्चरची नाही. विन्सेंटने 1946 ला रॅपिड ही गाडी नव्या रूपात आणली, तिला मागे एक स्टँड आणि पुढच्या बाजूला दोन आधार होते. दोन्ही चाकं हत्यारांशिवाय निघावीत इतका विचार! पण बाकीच्या कंपन्या 1930 च्या दशकापासून गाडीच्या पोटाखालच्या स्टँडकडे वळत होत्या. त्याचे पाय गोलसर वळवलेले आणि बाजूला पाय ठेवायला एक पट्टी. सगळी गंमत त्या पट्टीत आहे.

बुलेटचं नवं रूप 1948-49 मध्ये इंग्लंडच्या रेडिचमधून आलं, मागे स्विंग आर्म सस्पेन्शन घेऊन. 1955 मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया सुरू झाली आणि हीच गाडी पुढे आपल्या गल्लीबोळांत पोचली. वजन साधारण 160 ते 170 किलो. आकडा ऐकूनच लोक दंड थोपटतात.

आता नीट ऐका. स्टँडची पट्टी खाली दाबली की त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकतात. त्यानंतर गाडी सरळ वर जात नाही, ती त्या गोल पायांवरून *मागे लोळत* वर चढते. स्टँडचा खिळा पायांच्या बरोबर वर आला की तो सर्वात उंच क्षण. तो जरासा ओलांडला की गाडी पलीकडे आपोआप बसते. तुमचा पाय वीतभर खाली जातो आणि गाडी दोन-तीन बोटं वर येते. पहार लावून दगड हलवण्याचाच हिशोब आहे हा.

म्हणून पद्धत अशी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडल सरळ, पुढचा ब्रेक मोकळा. डावा हात हँडलवर, तो फक्त तोल धरायला. उजवा हात सीटखालच्या दांड्यावर. आधी गाडी हलवून स्टँडचे *दोन्ही* पाय जमिनीला लागलेत का ते बघा. बहुतेक लोक इथेच फसतात, एकच पाय टेकलेला असतो. मग पट्टीवर टाच ठेवून उभं राहा. म्हणजे खरोखर उभं राहा, स्वतःचं सगळं वजन त्या टाचेवर. हाताने ओढू नका, फक्त मागची दिशा दाखवा.

तरीही जड जाते? मग दोष तुमच्या दंडांत शोधू नका, गाडीत शोधा. मागचे शॉक दमलेत किंवा कोणी स्टाइलसाठी आखूड टाकलेत का? मागचं चाक मूळच्या 19 इंचांऐवजी लहान बसवलंय का? दोन्हींत गाडी खाली बसते आणि चढ वाढतो. झिजलेल्या स्टँडला वेल्डिंगवाल्याने जाड पट्टी लावून दिली असेल तर तेच, स्टँड प्रमाणाबाहेर उंच होतो. याउलट स्टँड फार झिजला असेल, तर गाडी सहज चढते पण डुगडुगते. खिळ्याला ग्रीस शेवटचं कधी लागलं, हेही एकदा विचारा. उत्तर बहुतेक वेळा शांतता असतं.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे लाकडी फळी, पाऊण ते एक इंच जाड. मागचं चाक त्या फळीवर चढवा, स्टँडचे पाय मात्र जमिनीवरच राहू द्या. गाडी आधीच इंचभर वर असल्यामुळे उरलेला चढ चक्क अर्ध्यावर येऊ शकतो. गाडी मागे सरकते, त्यामुळे फळी चाकाच्या मागे वीतभर उरली पाहिजे. अंगण उताराचं असेल तर गाडीचं तोंड चढाकडे ठेवा. तोंड उताराकडे असेल तर ती स्टँडवरून पुढे सुटू शकते, आणि तेव्हा तुम्ही तिच्या समोर नसलेलंच बरं.

खाली उतरवताना डाव्या बाजूला उभं राहा, गाडी पुढे ढकला आणि चाक टेकताक्षणी पुढच्या ब्रेकवर बोटं ठेवा. बस. पहिल्या दोन-तीन वेळा दुसऱ्या बाजूला कोणालातरी उभं करा. ज्याने परीक्षा घेतली होती, त्यालाच बोलवा हवं तर.

पुढच्या भागात बोलू किक बॅकबद्दल. तोवर घरातल्या जुन्या गाडीच्या स्टँडला ग्रीस लावा. भेटूच.