२२ ऑक्टोबर १९२९ : गोलरक्षक लेव याशिन यांचा जन्म

मॉस्कोतल्या कामगार कुटुंबात लेव याशिन यांचा जन्म झाला. युद्धकाळात पोरवयातच ते कारखान्यात राबले. पुढे डायनॅमो मॉस्को हा एकच फुटबॉल क्लब त्यांनी जन्मभर धरून ठेवला. तिथे सुरुवातीला संधी मिळेना, तेव्हा आइस हॉकीतही त्यांनी गोलच राखला आणि १९५३चा सोव्हिएत चषक जिंकला. गोलरक्षकाने रेषेवर थांबून राहायचे, हा रिवाज याशिन यांनी मोडला. पुढे धावून ते चेंडू अडवत, ओरडून बचावफळी हलवत. काळ्या पोशाखामुळे त्यांना ‘काळा कोळी’ म्हणत. १९५६चे ऑलिंपिक सुवर्ण, १९६०चा युरोपीय चषक त्यांच्या नावावर आहे. १९६३मध्ये त्यांना ‘बॅलन डी’ऑर’ हा युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार मिळाला. पुरुष फुटबॉलमध्ये हा मान मिळवणारे ते आजवरचे एकमेव गोलरक्षक आहेत.