दृश्य संपादक आणि देवनागरी अक्षर : विनामूल्य संकेतस्थळ-रचना साधनांचा एक दुर्लक्षित इतिहास

प्रस्तावना :
संकेतस्थळाचे पान डोळ्यांनी पाहत रचता यावे, ही कल्पना वेबइतकीच जुनी आहे. जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये तयार केलेला पहिला ब्राउझर हा संपादकही होता. पुढे वाचन आणि लेखन यांची फारकत झाली. फ्रंटपेज, ड्रीमवीव्हर (१९९७) ही साधने विकत घ्यावी लागत. २००५ मधील एनव्हीयू व त्यातून निघालेले कोम्पोझर मुक्त व विनामूल्य होते. हा इतिहास बहुधा असाच सांगितला जातो. मराठी पानांच्या बाबतीत तो अपुरा आहे.

विवेचन :
बुलढाणा जिल्ह्याचे उदाहरण घेता येईल. शेगाव येथे १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. म्हणजे तंत्रशिक्षणाची सोय वेबच्या आधीची. अडचण केवळ मनुष्यबळाची नव्हती, अक्षराचीही होती. १९९० च्या दशकातील मराठी फाँटांत काना, वेलांटी, अर्धी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत. संपादकाच्या पडद्यावर ‘बुलढाणा’ दिसे. तो फाँट नसलेल्या संगणकावर त्याच जागी निरर्थक रोमन अक्षरे उमटत. ‘जे दिसते तेच मिळते’ हे दृश्य संपादकाचे मूळ वचन मराठीपुरते खोटे ठरले. इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीने (१९९७) पानासोबत फाँट पाठविण्याची सोय केली. त्यामुळे मजकूर दिसू लागला, परंतु साठवण रोमनच राहिली व शोधयंत्राला तो मराठी म्हणून सापडेना. त्या काळातील अशी पाने आज उघडली तरी वाचता येत नाहीत, ही हानी मोठी आहे.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती. विंडोज २००० मुळे ती सामान्य संगणकावर आली. ‘ॲ’ या अक्षराला मात्र २००८ पर्यंत थांबावे लागले. (जिल्ह्याचे नाव ‘बुलडाणा’ असेही लिहितात, शोधाच्या दृष्टीने हा वेगळाच गुंता.)

ब्राउझरमध्येच चालणारी विनामूल्य साधने यानंतरची. गूगल पेज क्रिएटर २००६ मध्ये आले व २००९ मध्ये बंद झाले. संहिता व दृश्य शेजारी दाखविणारे मोझिलाचे थिंबल २०१२ ते २०१९ टिकले. साधने गेली, ज्यांनी संहिता उतरवून ठेवली त्यांची युनिकोडमधील पाने कोणत्याही संपादकात उघडतात. म्हणून साधन निवडताना चित्रफलकापेक्षा संहिता बाहेर काढण्याची सोय अधिक महत्त्वाची मानावी लागते.

दृश्य फलकावर न दिसणारी एक बाब उरते. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी ‘ल’ व ‘श’ यांची रूपे निश्चित केली. युनिकोडमध्ये हिंदी व मराठी ‘ल’ यांचा संकेतांक एकच. रूप ठरते ते पानावरील भाषेच्या खुणेने. तयार नमुन्यांत ही खूण बहुधा इंग्रजीची असते. संहितेच्या पहिल्या ओळींत ती मराठीची केली, की सोय असलेल्या फाँटमध्ये ‘ल’ पालटतो.