तळटीप : √२ + √८ म्हणजे √१० का नव्हे

* गिरगाव-दादरच्या मराठी शाळांत नववीला करणी शिकवतात, तेव्हा √२ + √८ = √१० असे लिहून मोकळे होण्याचा मोह मोठा असतो. पण या बेरजेचा वर्ग केला की २ + ८ + २√१६, म्हणजे १८ मिळतात. √१० लिहिताना २√१६ हे पद, म्हणजे तब्बल ८, गळून जाते. म्हणून उत्तर √१८, अर्थात ३√२. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त (बारावे शतक) करणींच्या बेरजेची हीच रीत आहे, आणि उदाहरणही २ व ८ यांचेच. कॅल्क्युलेटर ४.२४२६ दाखवत असताना ३√२ कशाला, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो, मात्र ४.२४२६चा वर्ग १७.९९९६च्या आसपास भरतो, १८ नाही. पुढे पुन्हा गुणाकार करायचा असेल, तर ही तूटही गुणली जाते. म्हणूनच या प्रकरणातली उत्तरे करणीरूपातच ठेवली आहेत. — संपादक